मेंबरांच्या सहीचा कागद

आमच्या शाळेच्या समितीत नऊ माणसं होती, पण मेंबर म्हटलं की ते एकटेच. खिशात ओळंबा घेऊन फिरायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी वापरतात ते. भिंतीला कान लावून उभे राहायचे. बालवाडीतल्या पोरांना कानडीत मोजायचे. परवा शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात अध्यक्षांनी भाषणात त्यांची नक्कल करून दाखवली, कान भिंतीला लावल्यासारखा करून. मंडपात सगळे पोट धरून हसले. शेजारची बाई मला म्हणाली, माणूस चांगला होता हं, पण डोकं जरा सरकलेलं.

मेंबरांना जाऊन दोन वर्षं झाली. मी काही बोलले नाही. गप्प बसणं मला लहानपणापासून चांगलं जमतं. पण त्या दिवशी घरी आले ती रागातच. म्हणून हे लिहिते आहे.

ते मूळचे गडहिंग्लजच्याही पलीकडचे, सीमेजवळच्या गावचे. घरात आईशी कानडी आणि बाहेर कोल्हापुरी. सातवी नापास आहे हे कोणी विचारलं नसतानाही सांगायचे. चौदाव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली लागले आणि पुढे स्वतः बांधकामं घेऊ लागले. आमच्या शाळेची दुमजली इमारत त्यांनीच बांधलेली. तिच्या शेजारी जुन्या तीन खोल्या होत्या, दगड-मातीच्या, कौलारू. त्यांत बालवाडी, पहिली आणि दुसरी भरायची. ‘ह्या माज्या न्हवंत,’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, जणू शेजाऱ्याच्या वांड पोराबद्दल बोलत आहेत.

मी त्या शाळेत ऑफिसात लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. शाळेने नुकताच इंग्रजी विभाग सुरू केला होता आणि त्यांना कॉम्प्युटर आणि इंग्रजी येणारं कोणीतरी हवं होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मुलाखतीत अध्यक्षांनी इंग्रजीत चार प्रश्न विचारले, मी चार उत्तरं दिली. मग कोपऱ्यात बसलेल्या मेंबरांनी सुताराच्या चपट्या पेन्सिलीने लिहिलेला एक कागद पुढे सरकवला आणि वाच म्हणाले. ती पालकांसाठी लिहिलेली सूचना होती. मी तिसऱ्या ओळीला अडखळले. ते मोठ्याने हसले. ‘इंग्लिश हाय व्हय. बरं. शिकंल.’

तेव्हापासून माझं नाव इंग्लिश. ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ‘ए इंग्लिश’ अशी हाक मारत आणि सगळ्या वर्गांतली पोरं खिडकीतून माझ्याकडे बघत. माझे कान तापायचे. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता. ते प्रेमळ वगैरे नव्हते, हे स्पष्ट सांगते. दुसऱ्याला बोलू देत नसत. एका शिक्षिकेला त्यांनी फळ्यावरच्या हिशोबातली चूक वर्गासमोर दाखवून रडवलं होतं. तंबाखू खायचे आणि बोलताना ती आपल्या अंगावर उडेल की काय याची धास्ती वाटायची.

पालकांना काय ते कळवायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण समितीत दुसऱ्या कोणाला ते नको होतं. त्यांच्या सूचना मी टाइप करायची, ते सही करायचे, मग झेरॉक्स काढून त्या डेअरीच्या, रेशन दुकानाच्या आणि तालमीच्या दारावर लागायच्या. एक अजून पाठ आहे. ‘उद्या शाळा बंद. टाकी साफ करायची हाय. टाकीत मेलेला कावळा घावला. ते पाणी कालपतोर पोरं प्यालीत. कुणाचं पोट दुखलं तर शाळेत येऊन सांगा. लपवू नका, आमीबी लपवलं न्हाई.’ अध्यक्ष संतापले. कावळ्याचा उल्लेख कशाला हवा होता, ‘तांत्रिक कारणास्तव’ लिहायचं. मेंबर म्हणाले, ‘कावळा मी घातला व्हय टाकीत?’

सूचना लिहून झाली की ते शिपाई मावशींना हाक मारत. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांना ती एकदाच वाचून दाखवायची आणि मग मावशींनी काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. कुठे चुकलं की मेंबर कागद फाडत. दोष मावशींचा नाही, कागदाचा. एकदा लसीकरणाची सूचना त्यांनी चार वेळा फाडली. शेवटी मावशीच वैतागल्या आणि म्हणाल्या, मेंबर, त्यापरीस तुम्हीच घरोघर जाऊन सांगा की. ते खरोखरच लूना काढून गेले आणि संध्याकाळपर्यंत सांगत फिरले.

मी सुरुवातीला ‘सर्व पालकांना याद्वारे कळविण्यात येते की’ अशी वाक्यं लिहायची. कुठल्यातरी बोर्डावर वाचून मला वाटलं होतं की मराठी अशीच लिहितात. ते चपट्या पेन्सिलीने त्यावर जाड रेघ ओढत. ‘कळवतंय कोण? त्याला नाव न्हाई व्हय?’ त्यांचा एकच नियम होता. ज्याने बघितलं त्यानेच ‘बघितलं’ असं लिहायचं, आणि खाली त्याचीच सही. दोन वर्षं मी त्यांच्या सूचना टाइप केल्या. आज मला जी काही मराठी लिहिता येते ती तिथे शिकले. कॉन्व्हेंटमध्ये नाही, कॉलेजात नाही. त्या तंबाखूच्या वासात.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात नदी शाळेत आली. आमची पेठ सखल, पाणी दर दोन-चार वर्षांनी मैदानाच्या कडेपर्यंत यायचंच. त्या वर्षी ते जुन्या खोल्यांत शिरलं, फळ्यापर्यंत चढलं आणि दिवसचे दिवस हललं नाही. ओसरल्यावर चिखल काढला, बाकं धुऊन उन्हात मांडली. लोक म्हणायला लागले, ऊन पडलं, आता दोन दिवसांत शाळा सुरू होईल.

मेंबर मात्र ऊन पडल्यापासून जास्त अस्वस्थ झाले. मला त्यांनी जुन्या खोलीत नेलं आणि भिंतीवर तळवा ठेवायला लावला. भिंत गार आणि चिकट होती. ‘भित पाण्यात पडत न्हाई, इंग्लिश. पाण्यात ती फुगून बसती. वाळाया लागली की पडती. ऊन पडलं की लोक खूश हुत्यात, मला घाम फुटतो.’ मग त्यांनी मला जुन्या परीक्षेचे पेपर आणायला सांगितलं. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, गव्हाच्या पिठाची खळ करून त्या प्रत्येक भेगेवर आडव्या चिकटवल्या आणि पट्टीवर तो दिवस लिहिला. भिंत हलली तर पट्टी फाटते. दगडाला काही सांगता येत नाही, कागद सांगतो. तीन खोल्यांत मिळून चाळीसेक पट्ट्या होत्या. रोज सकाळी ते एकेक पट्टी बघत फिरायचे, नाक भिंतीला लावून, मध्येच भिंत बोटाने ठोकून तिला कान लावून. फाटली असेल तर शेजारी नवी लावायचे. नक्कल करतात ती ह्याची.

त्यांची पहिली सूचना अशी होती. ‘पोरांना पाठवू नका. जुन्या खोल्यांच्या भिती भिजल्यात. मी रोज बघतोय. काल सात पट्ट्या फाटल्या. माझ्या सहीचा कागद येईपतोर कुणी सांगितलं तरी पाठवू नका, अध्यक्षांनी सांगितलं तरी.’ शेवटचे शब्द काढा असं मी हळूच म्हणून बघितलं. त्यांनी मावशींना वाचून दाखवलं. मावशींना सगळ्यात आधी तेच शब्द समजले. कागद गेला.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी त्यांचा कागद लागायचा. आज पाच फाटल्या. आज नऊ. डेअरीत दुधाच्या रांगेत बायका विचारायच्या, मेंबरचा कागद आला का. शाळा कधी उघडणार ह्याचं उत्तर पेठेत फक्त त्या कागदाला होतं. अध्यक्षांच्या लेटरहेडवरही एक नोटीस लागली होती. ती कोणी वाचली नाही.

अध्यक्षांना घाई होती. उचगावच्या बाजूला एक नवी इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिची पिवळी बस आमच्या पेठेतून फिरायला लागली होती. समितीची बैठक झाली, इतिवृत्त लिहायला मी होते. मेंबर म्हणाले, दुमजली इमारत धडधाकट आहे, लहान पोरं वरच्या मजल्यावर बसवा, दोन पाळ्या करा, सकाळी धाकटी, दुपारी थोरली. अध्यक्ष म्हणाले, वरच्या मजल्यावर इंग्रजी विभाग आहे, नवी बाकं आहेत, त्या पालकांना आपण काय सांगणार? जुन्या खोल्या वाळल्या आहेत, चुना मारून घेऊ. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसल्या.

‘मेंबर, भिंत काय तुमच्याशी बोलते का?’ अध्यक्ष हसत म्हणाले. बाकीचेही हसले.

‘बोलती की. तुम्ही ऐकाया आलाय कवा?’

हात वर झाले. सात विरुद्ध एक. मोठ्या बाईंचा हात कुठेच नव्हता. मी इतिवृत्तात ‘बहुमताने’ लिहिलं. वरच्या मजल्यावरच्या मुलांना मी कधी कधी गोष्टी वाचून दाखवायला जायची. त्या खोल्यांत नवी बाकं होती, पंखे होते आणि भिंती कोरड्या होत्या. खाली मराठीतली पोरं बसणार होती. इतकं सरळ होतं ते. मला त्याच क्षणी दिसलं होतं, आणि मी पान उलटून पुढचा विषय लिहिला.

शुक्रवारी मेंबर शिरोळला गेले. तिकडे त्यांच्या मुलीच्या घराची मागची भिंत पडली होती, पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी. सोमवारी सकाळी येतो, पट्ट्या बघून ठेव, एवढं मला सांगून गेले. शनिवारी रंगारी आले. त्यांनी आधी पत्र्याने भिंती खरवडल्या. चाळीस पट्ट्या खाली पडल्या, मावशींनी त्या केरात भरल्या. मग चुना मारला. दुपारपर्यंत तिन्ही खोल्या लग्नघरासारख्या पांढऱ्या झाल्या.

अध्यक्ष ऑफिसात आले. माझ्याशी ते नेहमी अदबीने बोलत. म्हणाले, सोमवारी शाळा सुरू करतोय, पण नुसती आपली नोटीस लावली तर पोरं येणार नाहीत, तुम्हाला माहीत आहे. ‘त्यांच्या भाषेत लिहा. तुम्हाला येतं. सही आहेच तुमच्याकडे.’

माझ्या ड्रॉवरमध्ये मेंबरांच्या सहीचे जुने कागद होते. मी विचारलं, ‘त्यांना विचारलंय का, सर?’ माझा सगळा विरोध म्हणजे हे चार शब्द. अध्यक्ष म्हणाले, समितीने ठरवलंय आणि ते समितीचेच आहेत.

मी लिहिलं. दहा मिनिटं लागली. ‘जुन्या खोल्या वाळल्या. भिती मी सवता हात लावून बघितल्यात. परवापास्नं पट्टी फाटली न्हाई. सोमवारी पोरांना पाठवा. डबा द्या, पाण्याची बाटली द्या, शाळेचं पाणी अजून गढूळ हाय.’ शेवटचं वाक्य लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. ते इतकं त्यांच्यासारखं जमलं होतं. जुन्या कागदावरची सही कापून खाली चिकटवली, झेरॉक्स काढली. चिकटवलेल्या कडेची रेघ दिसत होती ती खोडायच्या पांढऱ्या शाईने झाकली आणि पुन्हा झेरॉक्स काढली. मावशींनी विचारलं, आज वाचून न्हाई दावायचं? मी म्हटलं, घाई आहे.

सोमवारी तिन्ही वर्ग भरले. कागद वाचून सगळी आली होती. मेंबर सकाळच्या एसटीने उतरले आणि दूध घ्यायला डेअरीपाशी थांबले. तिथे दारावर त्यांना स्वतःची सही दिसली.

मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं. फाटकातून ते धावत आले. साठीच्या पुढचा, पोट सुटलेला माणूस, एका पायात चप्पल. थेट पहिलीच्या वर्गात शिरले, मागोमाग मी दारापर्यंत गेले. बाईंना काही सांगितलं नाही, पोरांना काही सांगितलं नाही. दोन्ही हातांत सापडेल त्याचा दंड धरून बाहेर ढकलायला लागले. ‘भाईर. भाईर व्हा.’ पोरं भेदरून रडायला लागली. अक्षता नावाची एक मुलगी बाक सोडेना, तिचं दप्तर खाली अडकलं होतं. त्यांनी तिला ओढली. ती उंबऱ्यावर तोंडावर पडली आणि तिची हनुवटी फाटली. तिच्या पांढऱ्या ब्लाऊजवर रक्त. त्यांनी तिला तशीच उचलून मैदानात ठेवली आणि पुन्हा आत गेले. मग तिन्ही वर्गांची पोरं उन्हात उभी करून ते त्यांच्या डोक्यांना हात लावत मोजायला लागले. ओंदु, एरडु, मूरु. मध्येच चुकायचे आणि पहिल्यापासून मोजायचे. आत कोणी राहिलं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. लांबून बघणाऱ्याला तो वेड लागलेला म्हातारा वाटला असेल, तर मी त्या लांबून बघणाऱ्याला दोष देत नाही. मी जवळ होते.

आया धावत आल्या. अध्यक्षांची गाडी आली. भिंत होती तिथेच उभी होती, पांढरीशुभ्र, एक रेघ नाही. कोणीतरी मागून म्हणालं, मेंबर, भित पडली न्हवं? आणि हशा पिकला.

मेंबरांनी खिशातून डेअरीवरचा कागद काढला, अर्धा फाटलेला. ‘ह्ये कुणी लिवलं?’

‘सही तुमची आहे, मेंबर,’ अध्यक्ष म्हणाले.

मी तीन पावलांवर होते. त्यांनी कागद पुन्हा वाचला, सावकाश, ओठ हलवत. मी पायाखालची माती बघत होते.

मंगळवारी अक्षताच्या आईने लेखी तक्रार दिली. बुधवारी समितीने बालकांशी गैरवर्तन केल्याबद्दल त्यांना काढून टाकलं. तो ठराव मीच टाइप केला, ‘याद्वारे’ सकट. पण मंगळवारपासून आणखी एक गोष्ट झाली होती. मोठ्या बाईंनी कोणाला न सांगता, कुठेही न लिहिता, धाकट्या पोरांना वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसवायला सुरुवात केली. अध्यक्षांनी विचारलं तर खाली चुन्याचा वास येतो म्हणून सांगितलं. बैठकीत ज्यांचा हात वर आला नव्हता त्या ह्याच बाई. त्यांच्यावर मी चिडू की त्यांच्या पाया पडू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शुक्रवारी कडक ऊन होतं. दुपारची सुट्टी संपली होती, वर व्हरांड्यात पोरं पाढे म्हणत होती. पहिलीच्या वर्गाची मागची भिंत आतल्या बाजूला पडली. आवाज फारसा मोठा नव्हता, ट्रॅक्टरमधून माती ओतल्यासारखा. धुरळा बसल्यावर मी गेले. मागच्या तीन रांगांतली बाकं दिसतच नव्हती. चुन्याचे पांढरे पापुद्रे वर पडले होते आणि त्यांच्याखाली माती काळी होती, अजून ओली.

संध्याकाळी अध्यक्षांनी मजकूर सांगितला. ‘व्यवस्थापनाने वेळीच घेतलेल्या खबरदारीमुळे अनर्थ टळला असून शाळा पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’ मेंबरांचं नाव कुठे घ्यायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्यांचा काय संबंध, ते आता समितीत नाहीत. मी तेही टाइप केलं. इतक्या वर्षांनी त्या सगळ्यातलं मला सर्वांत जास्त कशाने चिडायला होतं तर ‘वेळीच’ ह्या शब्दाने. तो माझ्या बोटांनी उमटलाय.

रविवारी मी मेंबरांच्या घरी गेले. ते पायरीवर बसून पेन्सिलीला टोक करत होते. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, इंग्रजीत. त्यांना बघून काही आठवेना. तेच म्हणाले, ‘सांगाया आलीयास व्हय? मला सोमवारीच कळलं. डबा द्या, पाणी गढूळ हाय, हे अध्यक्ष लिवतोय व्हय? त्याला शाळेत नळ कुठं हाय ते ठावं न्हाई.’ मग पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारून, ‘झ्याक लिवलंयस. दोनदा वाचलं मी. म्हटलं, लिवलं की काय आपणच.’

मला रडू फुटलं. ते त्यांना खपलं नाही.

‘हितं नको. मला सांगून काय हुतंय? ज्येंची पोरं त्या खोलीत बसली त्येंच्या दारात जाऊन सांग.’

आणि त्यांनी पुन्हा पेन्सिलीकडे लक्ष दिलं. बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. त्यांच्या घरी मी गेले ती तेवढीच.

अक्षताची आई चपलांच्या वेण्या विणायची. दारात बसून चामड्याच्या बारीक पट्ट्या बोटांत आणि पायाच्या अंगठ्यात ताणून धरायच्या आणि विणायच्या. मेंबरांच्या घरून मी थेट तिच्याकडे गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं, खाली मान घालून. तिचे हात थांबले नाहीत. मी म्हटलं, तो कागद त्यांचा नव्हता, माझा होता. त्यांनी नकोच म्हटलं होतं. अक्षता आत हनुवटीला पट्टी लावून काहीतरी गिरवत होती. तिच्या आईने वेणी पूर्ण केली, टोक दातांनी तोडलं आणि माझ्याकडे बघितलं.

‘मी मेंबरच्या इरोधात सही केली. त्यो माझ्या पोरीला भाईर काढत हुता, आणि मी त्याच्या इरोधात सही केली.’

मी हो म्हटलं.

‘तू तितंच हुतीस. माझा अर्ज तुझ्याच हातात दिला मी. तू म्हटलीस, हितं सही करा.’

 तिने अक्षताच्या वहीचं पान फाडलं आणि माझ्यापुढे टाकलं. ‘लिव. कागद लिवाया येतोय न्हवं तुला? आता तुझ्या नावानं लिव.’

मी तिच्या उंबऱ्यावर बसून लिहिलं. शनिवारी लागलेला कागद मेंबरांचा नव्हता. त्या दिवशी त्यांनी भिंत बघितली नव्हती, ते गावात नव्हते. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून मी तो लिहिला आणि त्यांची सही कापून चिकटवली. मेंबर मुलांना मारत नव्हते, बाहेर काढत होते. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. ह्या कागदाने माझी नोकरी जाणार हे मला कळत होतं, आणि ती मंगळवारी गेलीही. त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

सोमवारी सकाळी अक्षताच्या आईने तो कागद डेअरीच्या दारावर, अध्यक्षांच्या नोटीसवरच चिकटवला. मला तिने शेजारी उभं केलं होतं, कोणी विचारलं तर तोंडाने सांगायला. रांगेतल्या बाया वाचत होत्या, ज्यांना येत नव्हतं त्यांना दुसऱ्या वाचून दाखवत होत्या. एकीने माझ्या तोंडावर मला काय म्हटलं ते लिहीत नाही. तिचं बरोबर होतं.

मेंबर नेहमीच्या वेळेला भांडं घेऊन आले. रांगेने त्यांना वाट दिली. ते कागदापाशी गेले, चष्मा कपाळावर सारला आणि नाक जवळ नेऊन वाचला, पहिल्या शब्दापासून माझ्या नावापर्यंत.  अक्षताच्या आईने पदर तोंडाला लावला.

‘समदं लिवलंय,’ ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, कागदाकडेच बघून. ‘पर शाळा कवा उघडायची ते न्हाई लिवलं. आयाबायांनी पोरं कवा पाठवायची?’

ते मला माहीत नव्हतं. ते कोणालाच माहीत नव्हतं. उरलेल्या दोन खोल्यांच्या भिंतींवर आता पट्ट्या नव्हत्या आणि बघायला माणूस नव्हता. माझ्या हातात पेन होतं, ते मी त्यांच्यापुढे धरलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, मेंबर, लिवा की. दुसरीही तेच म्हणाली.

त्यांनी पेन घेतलं नाही. ‘मी आता मेंबर न्हाई,’ ते म्हणाले, भांडं ह्या हातातून त्या हातात घेतलं आणि रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले.